एक्झॉस्ट व्हॉल्वची गोष्ट: पिस्टन विमान-इंजिनांची पहिली 30 वर्षं

जुन्या विमान-इंजिनांबद्दल बोलणं निघालं की सगळ्यांचा भर अश्वशक्तीवर असतो. राइट बंधूंचं इंजिन 12 अश्वशक्तीचं, इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओचं 25, न्यूयॉर्कहून पॅरिसला उडालेल्या लिंडबर्गचं 220. आकडे खरे आहेत, पण 12 चे 220 कसे झाले ते त्यातून कळत नाही. माझ्या मते त्या काळातला प्रत्येक मोठा बदल एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: सिलिंडरमध्ये जळलेल्या पेट्रोलची उष्णता बाहेर कुठून काढायची? आणि त्यातही सगळ्यात अडचणीची जागा एकच, एक्झॉस्ट व्हॉल्व, म्हणजे जळलेला वायू सिलिंडरबाहेर सोडणारी झडप. इथे येणारे बरेच वाचक वागळे इस्टेट, रबाळे, महापे भागातल्या मशीनशॉपमधले आहेत, तेव्हा मापं आणि धातू सांगताना हात आखडता घेत नाही.

आधी हिशोब बघू. 50 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 37 किलोवॅट. त्या काळच्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात पेट्रोलमधल्या उष्णतेचा पाचवा हिस्सा क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्यावर, पोचला तरी बरं म्हणायचं. म्हणजे 37 किलोवॅट मिळवायला 185 किलोवॅटचं पेट्रोल जाळावं लागतं. उरलेल्या 148 पैकी मोठा वाटा धुराबरोबर जातो, तरी क्रँकवर मिळते त्याहून जास्त उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून, हेडमधून आणि तेलातून बाहेर काढावी लागते. जमिनीवरच्या इंजिनाला यासाठी जाड बीड, मोठा रेडिएटर आणि भरपूर पाणी देता येतं. विमानात प्रत्येक किलो पाण्याचं ओझं पंखांवर पडतं.

राइट बंधूंना साधारण 8 अश्वशक्तीचं आणि 200 पौंडांच्या आत बसणारं इंजिन हवं होतं. मोटारीच्या कारखान्यांना पत्रं लिहून काही हाती लागलं नाही, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सुमारे 6 आठवड्यांत इंजिन उभं केलं. हत्यारं म्हणजे लेथ, ड्रिल प्रेस आणि हातहत्यारं. क्रँकशाफ्टसाठी सुमारे 150 मिमी रुंद, 790 मिमी लांब आणि 41 मिमी जाड पोलादी पाट घेतला, त्यावर आकार आखला, रेषेलगत ओळीने भोकं पाडली, मधला भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि मग लेथवर जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, उतरवले. फोर्जिंग नाही, डाय नाही. एकच नग करायचा असेल तर आजही कुठल्याही जॉबशॉपमध्ये हीच रीत पटेल.

इंजिन आडवं, 4 सिलिंडरचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) दोन्ही 4 इंच, म्हणजे सुमारे 3.3 लिटर. क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, ॲल्युमिनियमची, त्यात सुमारे 8 टक्के तांबं. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसलं की साच्यात सावकाश थंड होताना या मिश्रधातूत तांब्याचे सूक्ष्म कण वेगळे पडून तो आपोआप कडक झाला होता. अशा कडक होण्याचं, म्हणजे एजिंगचं, शास्त्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तरीही पहिली क्रँककेस 1903 च्या फेब्रुवारीत चाचणीत फुटलीच: पेट्रोल बेअरिंगवर ठिबकलं, बेअरिंग जाम झाली आणि केस गेली. नवी ओतून आणावी लागली.

कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल वरून गुरुत्वाने उतरून इंजिनाच्या गरम पत्र्यावर पसरायचं, तिथेच त्याची वाफ व्हायची आणि हवेबरोबर आत जायची. स्पार्क प्लगही नव्हते. सिलिंडरच्या आतच दोन संपर्क जुळून सुटायचे आणि सुटताना ठिणगी पडायची. मिश्रण आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्वला कॅम (झडप ठरल्या वेळी उघडणारा उंचवटा) नव्हता, पिस्टनच्या शोषणानेच तो उघडायचा.

या इंजिनाची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की सुरू केल्यावर पहिले काही सेकंद ते जवळजवळ 16 अश्वशक्ती द्यायचं आणि मिनिटाभरात 12 वर उतरायचं. कारण सरळ आहे. पाण्याचं जॅकेट सिलिंडरभोवती होतं, पण व्हॉल्व ज्या पेटीत बसवले होते तिला पाणी नव्हतं. ती लाल होईपर्यंत तापायची. आत येणारं मिश्रण तिथून जाताना तापून फुगायचं, त्यामुळे प्रत्येक शोषणात सिलिंडरमध्ये वजनाने कमी मिश्रण भरलं जायचं. घर्षण तेवढंच, टायमिंग तेच, फक्त उष्णतेने चौथा हिस्सा ताकद खाल्ली. 17 डिसेंबर 1903 चं सर्वात लांब उड्डाण 59 सेकंदांचं होतं, तेवढ्याला ते पुरलं.

त्याच वर्षी सॅम्युएल लँगली यांच्या विमानासाठी चार्ल्स मॅन्ली यांनी 5 सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं रेडियल, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर लावलेलं, इंजिन तयार केलं होतं: मिनिटाला 950 फेऱ्यांना 52 अश्वशक्ती आणि पाण्यासकट वजन सुमारे 94 किलो. म्हणजे अश्वशक्तीमागे 1.8 किलो. राइटांच्या इंजिनाला हाच आकडा जवळपास 7 होता. मॅन्लींचं इंजिन चाचणीत सलग 10-10 तास चाललं. विमान मात्र ऑक्टोबर आणि डिसेंबर 1903 मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत पडलं आणि त्याच्याबरोबर एक फार चांगलं इंजिन विस्मरणात गेलं. याची खंत वाटते, कारण पुढची निदान 5 वर्षं त्याच्या जवळपास फारसं कुणी पोचलं नाही.

फ्रान्समध्ये लेओं लव्हावासर यांनी अँटोइनेट व्ही-8 इंजिनात (8 सिलिंडर, ‘व्ही’ आकारात दोन ओळींत) पाणी कमी करायचा वेगळाच मार्ग काढला. पाणी उकळू द्यायचं आणि वाफ नळ्यांच्या जाळीत थंड करून परत आणायची. 1 किलो पाणी 20 अंशांनी तापलं तर सुमारे 84 किलोज्यूल उष्णता उचलतं, तेच उकळून वाफ झालं तर सुमारे 2,257. म्हणजे तेवढ्याच पाण्याकडून 27 पट काम. तत्त्व अचूक होतं. पण वाफ जिथे अडकेल तिथे सिलिंडर कोरडा पडतो, आणि नळ्यांच्या सांध्यांना जमिनीवरचे धक्के सोसत नाहीत. शिवाय या इंजिनात पेट्रोल थेट इनटेक पोर्टमध्ये बारीक छिद्रांतून सोडलेलं होतं, आणि त्या छिद्रांना कचऱ्याचा एक कण पुरायचा. जुलै 1909 मध्ये ह्यूबर्ट लॅथम इंग्लिश खाडी ओलांडायला निघाले आणि अँटोइनेट बंद पडून पाण्यात उतरले.

25 जुलैला ब्लेरिओ यांनी तीच खाडी 37 मिनिटांच्या आत पार केली ती 3 सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या, बिडाच्या सिलिंडरांच्या अँझानी इंजिनावर. ते काही नाजूक काम नव्हतं. सिलिंडरच्या तळाशी, पिस्टन खाली पोचला की उघडी पडतील अशी भोकं पाडलेली होती. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडायच्या आधीच बराचसा जळता वायू तिथून निसटायचा. तेलही त्याच वाटेने उडून वैमानिकाच्या अंगावर यायचं, पण व्हॉल्ववरचा ताप कमी व्हायचा. या भोकांकडे अनेक जण ओबडधोबड कारागिरी म्हणून बघतात. मला त्यात समज दिसते.

आता नोम. फ्रान्सच्या सेगँ बंधूंचं हे इंजिन मी जरा निवांत सांगणार आहे.

1909 मधलं नोम ओमेगा: 7 सिलिंडर, बोअर 110 मिमी, स्ट्रोक 120 मिमी, 8 लिटर, 1,200 फेऱ्यांना 50 अश्वशक्ती, वजन सुमारे 75 किलो. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला, आणि क्रँककेससकट सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरणारे. विमान उभं असलं तरी फिन्सवरून, म्हणजे सिलिंडरवरच्या उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांवरून, वारा वाहतोच. घोडबंदर रोडच्या कोंडीत उभी राहून तापलेली रिक्षा आठवा, म्हणजे स्थिर इंजिनाची अडचण कळेल. फिरतं वस्तुमानच इतकं की वेगळं फ्लायव्हील लागत नाही. पाणी, रेडिएटर, पंप, नळ्या सगळं गेलं.

सिलिंडर निकेलमिश्रित पोलादाच्या घडीव ठोकळ्यातून फिन्ससकट कातून काढलेले, भिंत फक्त 1.5 मिमी जाड. पोलादाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणून भिंत पातळ ठेवणं भागच होतं. पण गोल फिरताना सिलिंडरच्या पुढच्या बाजूला थंड हवा लागते आणि मागची बाजू आडोशात तापते. परिणामी बोअर गोल राहत नाही. साधी बिडाची कडक रिंग अशा वाकड्या बोअरला चिकटत नाही, म्हणून वर ‘एल’ आकाराच्या छेदाची पातळ, लवचिक पितळी रिंग बसवायची, तिला ऑब्ट्युरेटर म्हणत. वायूच्या दाबाने ती भिंतीला टेकायची. हीच रिंग इंजिनाची दुखरी जागा ठरली. ती तापली, तुटली की जळता वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो, तेलाचा थर जळतो आणि पिस्टन जाम होतो. अशाच फिरत्या सिलिंडरांच्या क्लेर्जे इंजिनांत हा त्रास फार झाला. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी त्यावर ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणि आत बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळी, असा उपाय काढला. ॲल्युमिनियम उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं, बोअर गोल राहतं, ऑब्ट्युरेटरची गरज संपते. बेंटलींच्या बीआर-1 ने 150 अश्वशक्ती दिली.

सिलिंडरची संख्या विषम का, हे अनेक जण विचारतात. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. 7 सिलिंडर असले की एक सोडून एक असं पेटवत गेलं तर 1-3-5-7-2-4-6 असा क्रम आपोआप जुळतो आणि दर 103 अंशांना एक धक्का मिळतो. 6 सिलिंडर असते तर पहिल्या फेरीत 1-3-5 झाल्यावर पुन्हा 1 ची पाळी आली असती, म्हणून क्रम मध्येच मोडावा लागला असता आणि इंजिन हादरलं असतं.

पेट्रोल आणि हवा पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये यायची आणि तिथून पिस्टनच्या डोक्यात बसवलेल्या इनटेक व्हॉल्वमधून वर जायची. हा व्हॉल्व शोषणाने उघडायचा, केंद्रापासून बाहेर ढकलणारं बल सांभाळायला त्याला प्रतिवजनं होती. दुरुस्तीसाठी हेडमधला एक्झॉस्ट व्हॉल्व काढून त्या भोकातून खास हत्याराने खाली हात घालावा लागे. पिस्टनमधल्या या इनटेक व्हॉल्वची स्प्रिंग तुटली किंवा तो कार्बनने अडकला की ज्वाला थेट क्रँककेसमध्ये, आणि क्रँककेस तर पेट्रोलच्या वाफेने भरलेली. आग लागायची ती अशी.

क्रँककेसमध्ये पेट्रोल असल्यामुळे खनिज तेल धुऊन निघायचं, म्हणून एरंडेल. ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि गरम पोलादाला चिकटून राहतं. एकदा वापरलेलं तेल एक्झॉस्टमधून बाहेर पडायचं ते कायमचं, परत गोळा करायची सोय नव्हती. तेलाचा पंप मोजून थेंब सोडतो की नाही हे बघणं हा उड्डाणाआधीचा पहिला नियम, कारण पुरवठा थांबल्यावर इंजिन फार वेळ देत नाही. उड्डाणानंतर फिन्सवर साचलेलं एरंडेल लगेच पुसावं लागे. वाळलं की त्याचं वार्निश होतं आणि वार्निश बसलेली फिन उष्णता सोडत नाही.

1913 च्या नोम मोनोसूपाप इंजिनात पिस्टनमधला व्हॉल्व काढूनच टाकला. राहिला फक्त हेडमधला एक. तो एक्झॉस्टसाठी उघडायचा आणि पिस्टन खाली येऊ लागल्यावरही काही काळ उघडाच राहून बाहेरची स्वच्छ हवा आत घ्यायचा. नंतर तळाच्या पोर्टमधून क्रँककेसमधलं पेट्रोलने गच्च मिश्रण मिसळायचं. म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदा तापलेल्या व्हॉल्ववरून थंड हवेचा झोत जात होता. एक्झॉस्ट व्हॉल्व थंड ठेवण्याची याहून सुंदर युक्ती त्या दशकात मला दुसरी दिसत नाही.

मग ही फिरती इंजिनं का संपली? फिरणारे सिलिंडर हवा घुसळतात आणि त्यात जाणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 1,200 वरून 1,400 वर गेलं की हवा घुसळण्यातला तोटा सुमारे 59 टक्क्यांनी वाढतो. जास्त ताकद हवी तर फेऱ्या वाढवायच्या, आणि फेऱ्या वाढवल्या की ती ताकद हवेतच विरते. त्यावर जायरोस्कोपचा जोर: सॉपविथ कॅमल विमान उजवीकडे वळवलं की नाक खाली आणि डावीकडे वळवलं की वर जायचं. नोमला थ्रॉटलही नव्हता. उतरताना बटण दाबून इग्निशन तोडायचं, सोडायचं, पुन्हा तोडायचं. बटण फार वेळ दाबून ठेवलं तर न जळलेलं मिश्रण बाहेर साचायचं आणि सोडल्यावर भडका उडायचा.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत जर्मनांनी मर्सिडीझ डी-3 सारखी सरळ 6 सिलिंडरची इंजिनं भक्कमपणे केली: स्वतंत्र पोलादी सिलिंडर आणि त्यांवर वेल्ड केलेलं पत्र्याचं जॅकेट. खरी झेप मार्क बिर्किग्ट यांच्या 1915 च्या हिस्पानो-सुइझाची. 4 सिलिंडरांचा मिळून ॲल्युमिनियमचा एकच ओतीव ठोकळा आणि त्यात आटे पाडून बसवलेल्या पोलादी स्लीव्ह, 11.8 लिटरला आरंभी 140 ते 150 अश्वशक्ती. दोष त्या सांध्यातच होता. स्लीव्हचं वरचं टोक बंद होतं आणि व्हॉल्व जिथे टेकतात त्या सीट त्याच पोलादात होत्या. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 120 मिमी व्यासावर दोन्ही धातू सारखेच 150 अंशांनी तापले तर फरक 0.2 मिमीचा पडतो. आट्यांमुळे तो पूर्ण उघडत नसला तरी हेडपाशी स्पर्श सैल झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. सीट तापते, मग एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. लायनर बसवणाऱ्या कुणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल.

1917 च्या अमेरिकन लिबर्टी व्ही-12 बद्दल एवढंच सांगतो की 27 लिटर, 400 अश्वशक्ती, वजन सुमारे 383 किलो. अश्वशक्तीमागे 1 किलोच्या खाली आकडा आला, अर्थात रेडिएटर आणि पाणी सोडून.

हवेने थंड होणारं आणि न फिरणारं मोठं रेडियल जमवायला अजून एक धडा मिळायचा होता. तो एबीसी ड्रॅगनफ्लाय या ब्रिटिश इंजिनाने 1918 मध्ये दिला. 9 सिलिंडर, 340 अश्वशक्तीचं आश्वासन, आणि ब्रिटिश सरकारने आधीच हजारोंनी मागणी नोंदवलेली. फिन्स पोलादी, त्यांवर तांब्याचा मुलामा. मुलाम्याने पृष्ठभाग तेवढा सुधारतो, पण उष्णता फिनच्या मुळापासून टोकापर्यंत आतल्या धातूतून वाहते आणि आत पोलादच होतं. इंजिन भयंकर तापायचं. शिवाय नेमक्या कामाच्या फेऱ्यांना क्रँकशाफ्टची पिळवटून थरथरण्याची नैसर्गिक कंपनसंख्या जुळत होती, त्यामुळे क्रँक काही तासांत तुटायचे. नमुना पुरता चालवून न बघता उत्पादनाचा हुकूम सोडला की हे होतं.

याच काळात इंग्लंडच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत गिब्सन आणि सॅम हेरॉन शांतपणे एकेका सिलिंडरवर प्रयोग करत होते. त्यांनी काढलेले नियम आजही मोटरसायकलच्या हेडमध्ये दिसतात. हेड ॲल्युमिनियमचं, नळी पोलादाची. हेड तापवून, आटे देऊन नळीवर असं आवळायचं की गरम झाल्यावरही स्पर्श सुटू नये. दोन्ही व्हॉल्व एकमेकांपासून दूर, तिरके, म्हणजे मधून हवा जाते. एक्झॉस्ट पोर्टभोवती धातू जाड, कारण तिथून उष्णता आधी आडवी पसरायला हवी. ब्रिस्टल ज्युपिटरने सुरुवातीला नेमका उलटा मार्ग धरला होता: वरून बंद, सपाट पोलादी सिलिंडर आणि त्यावर बोल्टने आवळलेली ॲल्युमिनियमची फिनवाली टोपी. टोपी वाकली की मध्ये फट, आणि फट म्हणजे उष्णतेला भिंत.

हेरॉन पुढे अमेरिकेत गेले आणि त्यांनी व्हॉल्वच पोकळ केला. दांडा आतून कोरायचा, साधारण निम्मा भाग वितळणाऱ्या पदार्थाने भरायचा आणि तोंड बंद करायचं. आधी पारा, मग वितळणारे क्षार, शेवटी सोडियम. सोडियम 98 अंशांना वितळतं आणि 883 अंशांपर्यंत उकळत नाही. व्हॉल्व वर-खाली होताना ते आत हिंदकळतं, डोक्याकडची उष्णता उचलून दांड्यात नेतं आणि तिथून ती गाइडमध्ये, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीत, जाते. म्हणून अशा व्हॉल्वला गाइडची फिट फार महत्त्वाची. गाइड ढिली झाली तर दांड्यातली उष्णता पुढे जायला वाटच उरत नाही. भंगारात जाड दांड्याचे जुने विमानी व्हॉल्व सापडले तर त्यांना हॅकसॉ किंवा ग्राइंडर लावू नका. आत सोडियम असेल आणि त्याला पाणी किंवा कूलंट लागलं तर स्फोट होतो.

हेरॉनच्या या सिलिंडर-रचनेवर 1925 चं राइट जे-5 व्हर्लविंड उभं राहिलं: 9 सिलिंडर, 12.9 लिटर, 220 अश्वशक्ती, सुमारे 230 किलो, आणि आतून थंड होणारे एक्झॉस्ट व्हॉल्व. मे 1927 मध्ये ते लिंडबर्गला घेऊन न्यूयॉर्क ते पॅरिस साडेतेहतीस तास अखंड चाललं. मिनिटाभरात चौथा हिस्सा ताकद गमावणाऱ्या इंजिनापासून इथवर यायला 24 वर्षं लागली.

आपल्याकडे ही परंपरा लहान इंजिनातून आली. फ्रँक हॅलफर्ड यांनी पहिल्या महायुद्धातून उरलेल्या, हवेने थंड होणाऱ्या रेनो व्ही-8 चा अर्धा भाग घेतला, नवी क्रँककेस दिली आणि 4 सिलिंडरचं 60 अश्वशक्तीचं सिरस केलं. 1925 चं डी हॅविलँड मॉथ त्यावर उडालं. रेनोचे सुटे भाग संपत आले तेव्हा त्यांनी जिप्सी आखलं आणि पुढे ते उलटं टांगून जिप्सी-3 केलं: क्रँक वर, सिलिंडर खाली, त्यामुळे वैमानिकाला समोरचं दिसतं आणि पंखा जमिनीपासून उंच राहतो. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमान याच 120 अश्वशक्तीच्या जिप्सी-3 वर चाललं.

एका ओळीतल्या 4 सिलिंडरांत मागच्याला हवा कशी द्यायची? पुढून आलेला वारा पहिल्या सिलिंडरलाच थंड करून बाजूने निघून जातो. म्हणून एका बाजूला पत्र्याचा बोगदा करून हवा आत कोंडायची आणि सिलिंडरांच्या मधून आडवी दुसऱ्या बाजूला काढायची. मधले पत्रे, म्हणजे बॅफल, फिन्सना जवळजवळ टेकलेले हवेत. कोपऱ्यात बोटभर फट राहिली की हवा सोपी वाट धरते आणि फिन्समधून जातच नाही.

ठाण्यात मे महिन्यात हवा 38 अंशांची असते. हेड 220 अंशांना धरलं तर तापमानातला फरक 182 उरतो. 15 अंशांच्या इंग्लिश हवेत तो 205 असतो, म्हणजे आपल्याकडे सुमारे 11 टक्के कमी. शिवाय 38 अंशांची हवा 7 टक्क्यांनी विरळ. इंजिनातही तेवढी कमी हवा जाते म्हणून उष्णता थोडी कमी तयार होते, पण तूट पूर्ण भरत नाही. थंड देशासाठी आखलेलं हवेचं इंजिन आपल्याकडे चालवताना जमिनीवर वाऱ्याकडे तोंड करूनच तापवायचं आणि उभ्या जागी पूर्ण थ्रॉटलची चाचणी काही सेकंदांत आटोपायची. मागच्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरट आणि पोर्सेलीनवर फोड आलेला दिसला तर कार्ब्युरेटरचा जेट बदलायच्या आधी बॅफलच्या कडा, त्यांचे रिव्हेट आणि मधल्या फटी तपासा.